एका खापरावरची दोन गावे
(बेथ-होरोन, ओफीर आणि आपले सोपारा)

गेल्या वर्षी एका वक्तृत्व स्पर्धेत ‘प्राचीन महाराष्ट्राचे सागरी वैभव’ या विषयावर मी बोललो. बोलण्याच्या ओघात मी छातीठोकपणे सांगून टाकले, की ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात शलमोन राजाची जहाजे ज्या ओफीरहून सोने आणीत, ते ओफीर म्हणजेच आपले सोपारा! टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर परीक्षकांनी मला जवळ बोलावले आणि विचारले, “हे तुम्हांला कशावरून कळले?” मी म्हणालो, “दोन्ही नावे सारखी आहेत, सर.” ते म्हणाले, “एवढेच?” या ‘एवढेच?’ला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

परतीच्या वाटेवर मला एक जुनी गोष्ट आठवली. माझे गाव चिखला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. एकदा मामांनी माझ्यासाठी पुस्तकांचे टपाल पाठविले. पण पत्त्यात घाईघाईने ‘चिखली’ लिहिले आणि पुढे तालुका, जिल्हा, पिनकोड यांपैकी काहीच धड लिहिले नाही. ते टपाल तीन आठवडे कोठे कोठे फिरले देव जाणे. शेवटी मामांकडेच परत गेले. चिखली बुलढाणा जिल्ह्यात आहे, चिखली पुण्याजवळ आहे, आणि चिखलदरा अमरावती जिल्ह्यात आहे. पावसाळ्यात जेथे चिखल होतो तेथे असले एखादे नाव असायचेच. केवळ नावावर विसंबले तर आजचे टपालसुद्धा पोहोचत नाही. मग तीन हजार वर्षांपूर्वीचे गाव मी नुसत्या नावावरून कसे शोधून काढले?

त्या दिवसापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. इतिहासाच्या सरांनी वाचनाची दिशा दाखविली. वाचता वाचता एका मोडक्या खापराची गाठ पडली. त्या खापरावर दोन गावांची नावे आहेत. त्यांपैकी एका गावाचा पत्ता लागला आहे आणि दुसऱ्याचा अद्याप लागलेला नाही. पहिल्याचा का लागला आणि दुसऱ्याचा का लागत नाही, हे आपण समजून घेतले, तर सोपाऱ्याच्या दाव्याचे वजनही आपोआप कळेल. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

खापर काय सांगते?

आजच्या तेल अवीव शहरात, यार्कोन नदीच्या उत्तर तीरावर तेल कसीले नावाचे एक पुरातन टेकाड आहे. ‘तेल’ म्हणजे वस्तीवर वस्ती साचून झालेली पांढरीची टेकडी. १९४८ साली येथे बेंजामिन मझार यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झाले. पण त्याच्या आधीच, १९४५–४६च्या सुमारास, टेकाडाच्या पृष्ठभागावर लेख असलेली दोन खापरे सापडली होती. त्या काळी कागद नव्हता आणि पपायरस महाग पडे. त्यामुळे किरकोळ हिशेब फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर लिहीत. एका खापरावर राजासाठी दिलेल्या तेलाची नोंद आहे. दुसऱ्यावर बेथ-होरोनसाठी ओफीरच्या सोन्याची नोंद आहे. त्यापुढे शेकेल या वजनाचे आद्याक्षर आणि तीसचा आकडा आहे.

अक्षरांच्या वळणावरून हे खापर इ. स. पू. आठव्या शतकातले मानतात. शेकेल म्हणजे सुमारे साडेअकरा ग्रॅम, आपल्या तोळ्याच्या अगदी जवळचे वजन. म्हणजे हा व्यवहार एकोणतीस-तीस तोळ्यांचा झाला. येथे राजाची स्तुती नाही आणि देवाचा चमत्कारही नाही. कोणा कारकुनाने केलेली ही रोजची नोंद आहे. म्हणूनच तिला मोल आहे. धर्मग्रंथातील कथा पुढील पिढ्यांनी पुन्हापुन्हा लिहिल्या, त्यांत भर पडली असेल. पण हिशेबाच्या खापरात भर कोण आणि कशाला घालील?

मात्र दोन गोष्टी ध्यानी ठेवल्या पाहिजेत. हे खापर उत्खननातील विशिष्ट थरात मिळालेले नसून पृष्ठभागावर मिळालेले आहे. आणि ‘बेथ’ या शब्दाचा अर्थ ‘घर’ असल्यामुळे, ही नोंद बेथ-होरोन गावासाठी नसून होरोन नावाच्या देवाच्या मंदिरासाठी असावी, असाही अर्थ काही विद्वान करतात. तरीही ‘ओफीरचे सोने’ हा शब्दप्रयोग त्या काळी व्यवहारात होता, एवढे या खापराने निश्चित केले.

बेथ-होरोन : चढणीवरचे जोडगाव

बेथ-होरोन हे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. जेरुसलेम सर्वांना ठाऊक आहे, बेथलेहेमही आहे; हे गाव मात्र नकाशाच्या कोपऱ्यात राहिले. वस्तुतः ते दोन गावांचे जोडगाव होते : वरचे बेथ-होरोन आणि खालचे बेथ-होरोन. दोन्ही एकमेकांपासून सुमारे तीन किलोमीटरांवर होती, आणि मधली वाट चढणीची होती. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात तसेच हे. आमच्या चिखल्याच्या शेजारी डोंगरी बुजुर्ग आहे. हा ‘बुजुर्ग’ म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातला ‘बुद्रुक’च. तिकडे थोरल्या-धाकट्याऐवजी वरचे-खालचे असा भेद केला, इतकेच.

समुद्रकाठच्या सपाटीवरून जेरुसलेमच्या डोंगराळ मुलुखात चढायच्या ज्या मोजक्या वाटा होत्या, त्यांतली एक सोयीची वाट या दोन गावांमधून जाई. त्यामुळे गाव लहान असले तरी मोक्याचे होते. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गावाचे जे भाग्य आणि जे दुर्भाग्य असते, ते दोन्ही त्याच्या वाट्याला आले. यहोशवाच्या पुस्तकात अमोरी लोकांच्या पाच राजांचे सैन्य गिबोनहून पळाले ते बेथ-होरोनच्याच चढणीने. त्या दिवशी सूर्य थांबला अशी जी प्रसिद्ध कथा आहे, ती याच लढाईची. मिसरचा राजा शेशोंक याने इ. स. पू. दहाव्या शतकात या भागावर स्वारी केली; कर्नाकच्या मंदिराच्या भिंतीवर त्याने कोरविलेल्या गावांच्या यादीत बेथ-होरोनचे नाव वाचले गेले आहे. पुढे इ. स. पू. १६६च्या सुमारास यहुदा मक्काबी याने सेरोन या सेनापतीचा पराभव केला तो याच चढणीवर. इ. स. ६६ मध्ये रोमन सेनापती केस्टियस गॅलस जेरुसलेमहून माघारी फिरला, तेव्हा त्याच्या सैन्याची दाणादाण उडाली तीही याच खिंडीत. बारा शतकांच्या कथा-इतिहासात वाट तीच आणि पळापळही तीच!

या गावाविषयीची आणखी एक नोंद मला विशेष वाटली. इतिहास या नावाच्या पुस्तकात वंशावळीच्या रुक्ष यादीमध्ये शेरा नावाच्या स्त्रीचा उल्लेख येतो. ती एफ्राईमच्या घराण्यातली होती, आणि वरचे व खालचे बेथ-होरोन तिने वसविले असे तेथे म्हटले आहे. संपूर्ण हिब्रू धर्मग्रंथात गाव वसविण्याचे श्रेय ज्या स्त्रीला दिले आहे अशी ती एकटीच. यादीतल्या एका ओळीपलीकडे तिच्याविषयी काही सांगितलेले नाही. पुढे शलमोनाने हेच गाव तटबंदीने मजबूत केले अशी नोंद आहे, आणि तिच्या शेजारी, त्याच अध्यायात, ओफीरच्या सोन्याचीही नोंद आहे. खापरावर एकत्र आलेली ही दोन नावे ग्रंथातही एकाच अध्यायात यावीत, हे मला लक्षात घेण्यासारखे वाटले.

ओळख कशी पटली?

जेरुसलेमच्या वायव्येस डोंगरउतारावर आज बैत ऊर अल-फौका आणि बैत ऊर अल-तहता अशी दोन अरबी गावे आहेत. फौका म्हणजे वरचे, तहता म्हणजे खालचे. १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन हा अमेरिकन संशोधक या भागात फिरला. त्याची पद्धत साधी होती. जुने नकाशे आणि यात्रेकरूंच्या दंतकथा बाजूला ठेवून तो गावकऱ्यांच्या तोंडची नावे टिपून घेई. राज्ये बदलली, धर्म बदलला, भाषाही बदलली. पण नांगर धरणाऱ्याच्या तोंडात गावाचे नाव राहते, एवढा त्याला विश्वास होता. ‘होरोन’चे ‘ऊर’ झाले, ‘बेथ’चे ‘बैत’ झाले आणि वर-खालची जोडी तशीच राहिली.

पण येथे विद्वान थांबले नाहीत, आणि माझ्या दृष्टीने हाच महत्त्वाचा धडा आहे. नावाचे साम्य हा पहिला पुरावा झाला. दुसरा पुरावा वाटेचा. ग्रंथात गिबोन, अय्यालोनचे खोरे आणि बेथ-होरोन ही स्थळे ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने ती जमिनीवरही सापडतात; चढणही आहे आणि उतारही आहे. तिसरा पुरावा अंतराचा. इ. स. चौथ्या शतकात युसेबियस या लेखकाने गावांचा एक कोश केला; त्यात जेरुसलेमपासून सुमारे बारा मैलांच्या दगडावर ही दोन गावे असल्याचे सांगितले आहे, आणि ते जमते. चौथा पुरावा खापरांचा. ज्या काळात गाव नांदत होते असे ग्रंथ म्हणतो, त्या काळातील खापरे तेथील जमिनीत मिळतात.

नाव, वाट, अंतर आणि काळ हे चार साक्षीदार वेगवेगळ्या दिशांनी येऊन एकच जबानी देतात, तेव्हा ओळख पटली असे म्हणावे. नाव म्हणजे पत्त्यातली फक्त पहिली ओळ. तालुका, जिल्हा आणि पिनकोड पुढे असतात.

ओफीर : सोन्याचा गाव

आता दुसऱ्या नावाकडे वळू. राजे या पुस्तकाप्रमाणे शलमोनाने तांबड्या समुद्राच्या काठी एसयोन-गेबेर येथे जहाजे बांधली. सोरचा राजा हिराम याने दर्यावर्दी माणसे दिली. ती जहाजे ओफीरला गेली आणि ४२० किक्कार सोने घेऊन आली. इतिहास या पुस्तकात हाच आकडा ४५० आहे. किक्कार म्हणजे सुमारे ३४ किलो धरले, तर हे सोने चौदा टनांच्या घरात जाते. आमच्या खदानीतून एक मोठा ट्रक जेवढे मँगनीज घेऊन निघतो, जवळजवळ तेवढे सोने! आकड्यात अतिशयोक्ती असावी हे उघड आहे. ओफीरहून सोन्याबरोबर अल्मुग नावाचे लाकूड आणि मौल्यवान रत्नेही आली. पुढे यहोशाफाट राजाने ओफीरसाठी पुन्हा जहाजे बांधली; पण ती एसयोन-गेबेरलाच फुटली.

ओफीर कोठे होते हे ग्रंथ सांगत नाही. या मौनाने पुढे अनेकांना वेड लावले. कोलंबसाला ते वेस्ट इंडीजमध्ये दिसले. १५६८ साली प्रशांत महासागरात स्पॅनिश दर्यावर्द्यांना काही बेटे लागली. शलमोनाचे सोने मनात असल्यामुळे त्यांना सॉलोमन बेटे हे नाव मिळाले, आणि ते आजही आहे. कोणी आफ्रिकेचा किनारा धरला, कोणी अरबस्तान, कोणी मलाया, आणि कोणी आपला हिंदुस्थान.

सोपाऱ्याच्या बाजूने

सोपाऱ्याची बाजू दुबळी आहे असे कोणी समजू नये. आज पालघर जिल्ह्यात वसई तालुक्यात मोडणारे आणि लोकलच्या गर्दीसाठी प्रसिद्ध असलेले नालासोपारा एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचे थोर बंदर होते. शूर्पारक या नावाने ते महाभारतात येते. परशुरामाशी त्याचे नाते सांगतात. सिंहलद्वीपाच्या महावंसात विजय राजपुत्राचे जहाज प्रथम सुप्पारकास लागल्याची कथा आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखात त्याचे नाव आहे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आणि पुढे टॉलेमीच्या भूगोलातही ते आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाचा कोट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडावर स्तूप उकरून काढला. त्याच वर्षी त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे मिळाला. १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही सोपारा म्हणजे शलमोनाचे ओफीर असावे, हा तर्क नोंदलेला आहे.

तर्काला आधार असे : हिब्रू ग्रंथाचे जे प्राचीन ग्रीक भाषांतर झाले, त्यात ‘ओफीर’ऐवजी ‘सोफीर’, ‘सोफेरा’ अशी रूपे आढळतात, ती सोपाऱ्याच्या फार जवळची आहेत. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसिफस याने तर हा देश हिंदुस्थानात असल्याचे स्पष्ट लिहिले. शिवाय शलमोनाच्या जहाजांतून आलेल्या जिनसांत माकडासाठी ‘कोफ’ हा शब्द आहे. तो संस्कृत ‘कपि’शी जुळतो. मोरासाठी समजला जाणारा ‘तुक्की’ हा शब्द तमिळ ‘तोगै’शी जुळतो. मोर तर आपलाच!

आणि त्या काळी इतक्या दूरचा व्यापार होता काय, असे कोणी विचारले, तर त्यालाही उत्तर आहे. मिसरचा राजा दुसरा रामसेस इ. स. पू. १२१३ मध्ये मेला. त्याच्या ममीच्या नाकपुड्यांत काळ्या मिरीचे दाणे मिळाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, इस्राएलमध्ये सापडलेल्या शलमोनाच्या काळाच्या आसपासच्या फिनिशियन कुप्यांत दालचिनीचा अंश आढळल्याचे दाखविण्यात आले. मसाले हातोहाती का होईना, तिकडे पोहोचत होते. हे सारे मला स्पर्धेच्या वेळी ठाऊक असते, तर मी परीक्षकांपुढे इतका गप्प झालो नसतो.

आता उलटतपासणी

पण साक्षीदाराला उलटतपासणी द्यावीच लागते. बेथ-होरोनला लावलेल्या चार कसोट्या सोपाऱ्याला लावून पाहू.

पहिली, नावाची. ग्रीक भाषांतर इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकातले आहे. मूळ हिब्रूत ‘स’ नाही. भाषांतरकारांच्या काळी सोपारा प्रसिद्ध असल्यामुळे त्यांनीच ते नाव मनात धरले असेल, अशी शंका घेता येते. या शंकेचा निकाल लावायला ग्रीक भाषांतराहून जुना पुरावा हवा. तो आपल्या खापरावर आहे! आठव्या शतकातील त्या कारकुनाने आलेफ, पे आणि रेश अशी तीन अक्षरे लिहिली आहेत, म्हणजे ‘ओफीर’. त्याच्यापुढे ‘स’ नाही. उलट आपल्या गावाच्या शूर्पारक, सुप्पारक, सोपारा या सर्व रूपांत आरंभीचा ‘श’ किंवा ‘स’ कायम आहे. माझा हा मोठा आधार एका फुटक्या मडक्याच्या तुकड्याने काढून घेतला.

दुसरी, वाटेची. जेनेसिस म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकात ओफीर हे नाव शबा आणि हवीला यांच्या मध्ये, योक्तानाच्या मुलांच्या यादीत येते. ही यादी अरबस्तानातील टोळ्यांची मानली जाते. म्हणजे ग्रंथाच्या स्वतःच्या भूगोलात ओफीर अरबस्तानाच्या आसपास बसते. मोर आणि माकडे यांचा जो उल्लेख आहे, तो तार्शीश जहाजांच्या तीन वर्षांच्या सफरीचा आहे. त्या वाक्यात ओफीरचे नावच नाही. मी मात्र दोन्ही गोष्टी एकत्र करून टाळ्या घेतल्या होत्या. शिवाय ‘कोफ’चे नाते काही अभ्यासक मिसरी शब्दाशी जोडतात, आणि ‘तुक्की’ म्हणजे मोर की आणखी एक जातीचे माकड, यावरही एकमत नाही.

तिसरी, मालाची. कोकणाचा आणि सह्याद्रीचा खडक काळा बेसाल्ट आहे. त्यात सोन्याची खाण नाही. सोने दक्षिणेस हट्टी, कोलार या बाजूला. उलट अरबस्तानात मक्का-मदिना यांच्या दरम्यानच्या प्रदेशात महद अद-धहब येथे प्राचीन काळी खणलेल्या सोन्याच्या खाणी आहेत. १९७६ साली अमेरिकन व सौदी भूशास्त्रज्ञांनी तेच शलमोनाचे ओफीर असावे असे मत मांडले. तेही मतच, पण तेथे निदान सोने तरी आहे.

चौथी, काळाची. शलमोनाचा काळ इ. स. पू. दहावे शतक. सोपाऱ्यातला ठामपणे बोट ठेवता येईल असा पुरावा अशोकाच्या शिलालेखांपासून, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून सुरू होतो. मधली सहा-सातशे वर्षे नुसत्या इच्छेने भरून निघत नाहीत.

खदानीकडून पाहताना

येथवर आल्यावर मी हिरमुसलो होतो. तेव्हा एके संध्याकाळी पाळी संपवून आलेल्या बाबांना मी ही सारी हकिकत सांगितली. बाबा भूमिगत खाणीत काम करतात. ते म्हणाले, “सोनं निघते कुठं अन् विकते कुठं, हे आधी पाहा. माल आपला असला तरी नाव दुसऱ्याचंच असते.”

हे बोलणे मला महत्त्वाचे वाटले. आमच्या भागातील मँगनीज इंग्रजी अमदानीपासून बाहेर जाऊ लागले. तुमसरहून गोबरवाहीवरून तिरोडीकडे जाणारा रेल्वेफाटा त्या मालाच्या वाहतुकीवरच मोठा झाला. १९३३ साली विशाखापट्टणमचे बंदर उघडले, तेही मुख्यतः मध्य प्रांतातील मँगनीज परदेशी पाठविण्यासाठी. परदेशात तो माल भट्टीत गेला, त्याचे पोलाद झाले. पण तेथील कामगाराला चिखला हे नाव कधी कळले असेल काय? त्याला ठाऊक असेल तर बंदराचे नाव, फार तर देशाचे.

बसऱ्याचे मोती बसऱ्यात निपजत नसत. ते इराणच्या आखातातून काढीत आणि बसऱ्याच्या बाजारातून विकीत. नागपुरी संत्री काटोल, वरूड, मोर्शीच्या बागांतून येतात. तसेच ‘ओफीरचे सोने’ हे प्रथम एखाद्या बंदराचे किंवा प्रदेशाचे नाव असेल आणि पुढे ते उत्तम सोन्याच्या प्रतीचे नाव झाले असेल. धर्मग्रंथाच्या काव्यमय भागांत ते याच अर्थाने पुन्हापुन्हा येते. खापर लिहिणाऱ्या कारकुनालाही ओफीर कोठे आहे हे ठाऊक होते, असे समजण्याचे कारण नाही. बसऱ्याचा मोती विकणाऱ्या आपल्या सराफाने तरी बसरा कोठे पाहिला होता? असे असेल तर ओफीर सापडत नाही याचे नवल वाटायला नको. बेथ-होरोनमध्ये माणसे सतत राहिली, म्हणून नाव राहिले. ओफीरचे नाव मालाला चिकटून गेले आणि माल वितळून गेला.

यावरून सोपाऱ्याचा दावा कायमचा खोटा ठरला असे मी म्हणत नाही. उद्या सोपाऱ्याच्या मातीत अधिक खाली जुने थर लागले, तर प्रश्न पुन्हा उघडेल. परंतु आज जे हाती आहे त्यावरून न्याय्य वाक्य एवढेच : सोपारा हे ओफीर असल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि खापराची साक्ष त्या दाव्याच्या विरुद्ध जाते.

खोट्या ओळखीची किंमत

कोणी म्हणेल, चार टाळ्यांसाठी एखादे गाव इकडचे तिकडे झाले तर बिघडले कोठे? बिघडते. आफ्रिकेत ग्रेट झिम्बाब्वे येथे दगडी तटांचे भव्य अवशेष आहेत. १८७१ साली कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तेथे पोहोचला आणि त्याने त्यांचा संबंध शलमोन व शबाची राणी यांच्याशी जोडला. हेच ओफीर, अशी हाकाटी झाली. सोन्याच्या आशेने अवशेष उकरले गेले आणि थर नासले. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड कॅटन-थॉम्पसन या विदुषीने ते बांधकाम मध्ययुगीन असून स्थानिक आफ्रिकन लोकांचेच आहे, हे पुराव्यानिशी दाखविले. तरीही गोऱ्या राजवटीला ते पचेना. कारण काळ्या माणसांनी असे काही बांधले हे कबूल करणे तिच्या सोयीचे नव्हते. १९८० साली देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याने त्याच अवशेषांचे नाव घेतले, झिम्बाब्वे. ओफीर या एका शब्दाने शंभर वर्षे एका समाजाकडून त्याचे पूर्वज हिरावून घेतले होते.

आपल्या सोपाऱ्यावर तितका अन्याय झालेला नाही. पण एक लहानसा अन्याय आपण करतोच. अशोकाचे शिलालेख, भगवानलालांचा स्तूप, शूर्पारकाचे व्यापारी, हे सारे खरे वैभव जवळ असताना ते पुरे पडत नाही असे समजून आपण शलमोनाचे सोने उसने मागतो. ज्याच्या घरी धान्य आहे त्याने दुसऱ्याच्या कोठाराचा दाखला कशाला द्यावा?

समारोप

वाचनाच्या अखेरीस मी ईयोबाच्या पुस्तकातील अठ्ठाविसावा अध्याय वाचला. त्याचा आरंभ खाणकामाने होतो. माणूस काळोखाला हद्द घालून डोंगराच्या मुळाशी जातो, दोरावर लोंबकळतो आणि दगडातून धातू बाहेर काढतो, असे ते वर्णन आहे. हेल्मेटवर दिवा लावून पाळीला जाणाऱ्या माणसाच्या मुलाला ते परके वाटत नाही. पुढे तो कवी विचारतो, की धातूची जागा माणसाला सापडते, पण शहाणपणाची जागा कोठे आहे? आणि सांगतो, की ओफीरच्या सोन्यानेसुद्धा त्याचे मोल होणार नाही.

ओफीर मला सापडले नाही. पण ‘एवढेच?’ या प्रश्नाला आता मी उत्तर देऊ शकतो. पुढच्या स्पर्धेत सोपाऱ्यावर पुन्हा बोलण्याची संधी मिळाली, तर मी अशोकाच्या शिलेपासून सुरुवात करीन आणि ओफीरचा उल्लेख आलाच, तर त्यापुढे प्रश्नचिन्ह देईन. टाळ्या थोड्या कमी पडतील. पण टपाल योग्य गावी पोहोचेल.